सिकलसेलचा रिपोर्ट कपाटात नको, पोरांच्या हातात द्या

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही किंवा इअरफोन सापडत नाहीये, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. बोलण्यातलं बरंच तसंच ठेवलं आहे, सांभाळून घ्या.

आजचा विषय सिकलसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, या पट्ट्यातल्या कोणालाच हा शब्द नवा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असतो, शाळेत कधीतरी बोट टोचून जातात, आशाताई घरी येऊन विचारतात. शब्द सगळ्यांना माहीत. पण "तुझा रिपोर्ट काय आहे?" असं विचारलं की दहातली बरीचशी पोरं म्हणतात, "आईला माहीत असंल." आणि आईला विचारलं तर, "तपासलं होतं बाप्पा शाळेत, कागद कुठंतरी आहे." आजचा अख्खा भाग त्या कागदाबद्दल आहे.

मी भंडारा जिल्ह्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका. पण मी स्वतः सिकलसेलचा वाहक आहे, आणि वय असं आहे की घरी स्थळं बघणं सुरू आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जनरल नॉलेजचा नाही.

आधी आजार काय ते बघू. आपल्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, ते फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोचवतं. ते बनवण्याची कृती डीएनएमध्ये लिहिलेली असते. त्या कृतीत, बीटा ग्लोबिन नावाच्या जनुकात, एक अक्षर बदललेलं आहे. फक्त एक. त्या बदलामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. सेमीकोलनच्या जागी स्वल्पविराम पडून सगळा प्रोग्राम कोसळलेला मी पाहिलाय, म्हणून मला हे पटायला वेळ लागला नाही.

हे बदललेलं हिमोग्लोबिन, त्याला 'एस' म्हणतात, ऑक्सिजन जवळ असेपर्यंत नीट वागतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लांब दोऱ्या तयार होतात. त्या दोऱ्यांमुळे गोल, लवचिक पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी होते. आपल्याकडे इळा म्हणतो ना, धान कापायचा, तोच आकार. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, नाव तिथून आलं. अशी कडक, वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. मागून येणाऱ्या पेशी तिच्यामागे अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि मग जी कळ येते, ती सोसणाऱ्यालाच माहीत. शिवाय साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कायम कमी.

"पण आपल्याकडंच काऊन?" हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. उत्तर मलेरियात आहे. ज्याच्याकडे या जनुकाची एकच बदललेली प्रत असते, त्याला मलेरियाने गंभीर आजारी पडण्याचा धोका बराच कमी असतो. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे ही एक प्रत बाळगणारी माणसं जास्त जगली आणि जनुक टिकलं. आफ्रिका, अरबस्तान, मध्य भारत. आपला जंगलाचा, तळ्यांचा, धानाच्या बांध्यांचा मुलूख त्यात बरोबर बसतो. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर १९५८ मध्येच शोधनिबंध छापले होते, म्हणजे आपल्याकडची ही माहिती आजची नाही. आणि हो, हा अमक्याच जातीचा आजार असं कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. काही आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत प्रमाण जास्त आहे, पण तो इतर समाजांतही सापडतो. रक्ताला जातीचा दाखला लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. दोन्ही चांगल्या असतील तर तो माणूस 'एए', म्हणजे सामान्य. एक चांगली आणि एक बदललेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण.

वाहक म्हणजे रुग्ण नाही. मी एएस आहे. मी क्रिकेट खेळतो, ट्रेकला जातो, रात्री दोनला प्रॉडक्शनचा बग सोडवतो, त्यातलं काही सिकलसेलमुळे अडलेलं नाही. वाहकाला रोजचं औषध लागत नाही. एएसचा पुढे जाऊन एसएस होत नाही. जन्माला जे घेऊन आलात तेच राहतं. शिंकण्याने, उष्ट्याने, सोबत झोपल्याने हा आजार लागत नाही. मग वाहकाने काळजी कशाची करायची? फक्त एका गोष्टीची. आपला जोडीदारही एएस आहे का, याची.

माझी मामेबहीण नववीत आहे. तिला हे समजावायला मी चिंचोके घेतले. फोडलेला चिंचोका एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा, अष्टाचंग खेळायला घेतो तसला. एक चिंचोका आईचा, एक बाबांचा. दोघंही वाहक आहेत असं धरा. काळी बाजू म्हणजे चांगली प्रत, पांढरी म्हणजे बदललेली. दोन्ही एकदम टाका. दोन्ही काळे पडले तर मूल एए. एक काळा आणि एक पांढरा पडला तर एएस. दोन्ही पांढरे पडले तर एसएस. (चिंचोका काही पक्का फिफ्टी-फिफ्टी पडत नाही, हे तिनेच मला सुनावलं. नाणी घेतली तरी चालतात.) म्हणजे प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता रुग्ण मुलाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण सामान्य मुलाची.

यातला "प्रत्येक गरोदरपणात" हा शब्द अधोरेखित करा. पुष्कळ घरांत समज असा असतो की चार मुलं झाली तर त्यातलं एक आजारी होणार, आणि पहिलंच आजारी झालं तर आता बाकीचे सुटले. चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही. पहिलं मूल एसएस झालं म्हणून कोटा संपला असं होत नाही, दुसऱ्या वेळी पुन्हा तेच २५ टक्के. दोघं वाहक असताना दोन मुलं झाली तर त्यातलं किमान एक रुग्ण असण्याची शक्यता जवळपास ४४ टक्के येते. अकरावीचं गणित आहे, करून बघा.

आता माझ्यासारखा वाहक आणि समोरची व्यक्ती एए असेल तर? मूल रुग्ण होण्याची शक्यता शून्य. निम्मी शक्यता वाहक होण्याची, तीही माझ्यासारखीच ट्रेकला जाणारी. रुग्णाचं लग्न एए व्यक्तीशी झालं तर सगळी मुलं वाहक, पण रुग्ण एकही नाही. म्हणजे "सिकलसेल आहे, आता लग्न होणार नाही" हे वाक्य गणिताने चूक आहे. रुग्णानेही लग्न करावं, वाहकानेही करावं, फक्त समोरच्याचा रिपोर्ट बघून.

तो रिपोर्ट कसा तयार होतो तेही ऐका, मला हा भाग फार आवडतो. पहिली चाचणी सोल्युबिलिटी. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि एका द्रावणात टाकतात. त्यातलं रसायन लाल पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. 'एस' असेल तर तो विरघळत नाही, पाणी गढूळ होतं. नळीच्या मागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह. काही मिनिटांचं काम. पण ही चाचणी एवढंच सांगते की 'एस' आहे. एक प्रत आहे की दोन, म्हणजे वाहक की रुग्ण, ते तिला कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. वर सांगितलं ना, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं? त्यामुळे प्रथिनावरचा विद्युतभार बदलतो, आणि विजेच्या प्रवाहात 'ए' आणि 'एस' वेगवेगळ्या वेगाने सरकतात. एकच पट्टा दिसला, की दोन, यावरून निकाल.

म्हणून कोणी नुसतं "पॉझिटिव्ह आलं" म्हणालं तर तिथे थांबू नका. दुसऱ्या चाचणीचा निकाल हातात घ्या. घाबरून रडणं, गावभर बोभाटा होणं, हे सगळं अनेकदा पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या दिवसांत होतं, आणि नंतर कळतं की पोरगी वाहक आहे, तिला काहीच झालेलं नाही. एचपीएलसीचा आणखी एक फायदा: थॅलेसेमियाचे वाहकही त्यात बहुतेक सापडतात. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकतं, आणि सोल्युबिलिटी चाचणीत हा दुसरा पकडला जात नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात सिकलसेल कार्यक्रम त्याच्या बराच आधीपासून आहे. थोडक्यात, सुई टोचायची सोय आहे. अडतंय ते पुढे.

माझंच सांगतो. कॉलेजात असताना एका शिबिरात मी तपासून घेतलं, एएस आलं. घरी फोन केला तर आईचं पहिलं वाक्य, "कोनाला सांगू नको." दुसरं वाक्य, "आमच्या घरात असं कोनाला नाही." म्हणजे लगेच माझ्या बाबांच्या घराण्याकडे बोट. तपासलं तर बाबा वाहक निघाले, हे खरं, पण मला तिच्या त्या वाक्यात दुसरंच काहीतरी ऐकू आलं. तिला आयुष्यभर माहीत होतं की असला रिपोर्ट आला की पहिला दोष बाईला लागतो. एसएस मूल झालं की "हिच्या रक्तातच खोट." अरे, दोन चिंचोके पडल्याशिवाय एसएस होतच नाही! दोघांनी सारखंच दिलेलं असतं. हे एवढं एक वाक्य सासरच्या लोकांना माहीत असतं तर कितीतरी पोरी टोमण्यांतून वाचल्या असत्या.

आणि लपवालपवी का होते, तर लग्नासाठी. त्यातही मुलीच्या लग्नासाठी. बायोडेटात उंची असते, रंग असतो, शेती किती एकर ते असतं. पत्रिका बघणाऱ्या घरांत एकनाडी आली तर मुलाबाळांना त्रास होईल म्हणून चांगलं जुळलेलं स्थळ सोडतात. आणि ज्या एका गोष्टीने खरंच मुलाबाळांना त्रास होऊ शकतो, तिचा रकानाच नाही.

आता कोणी म्हणेल, लग्न ठरताना तपासू की. माझं म्हणणं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. सुपारी फुटली, हॉल बुक झाला, पाहुण्यांना फोन गेले, अशा वेळी दोघं एएस निघाले तर खरं बोलायची हिंमत कोणाची होणार? प्रेमविवाह असेल तर तीन-चार वर्षांची सोबत असते, ते आणखी अवघड. म्हणून नववी-दहावी हे वय मला बरोबर वाटतं. पोरांना विज्ञानात आनुवंशिकता शिकवलेली असते, समजण्याइतकी अक्कल असते, आणि लग्नाचा दबाव डोक्यावर नसतो. या वयात "मी एएस आहे" हे वाक्य रक्तगट सांगितल्यासारखं सहज तोंडात बसतं. मात्र शाळेत वर्गासमोर नावं वाचून रिपोर्ट सांगू नये. पालकांना बोलावून, मुलाला सोबत बसवून सांगावं. आई-बाबांनीही "लहान आहे, कशाला सांगायचं" म्हणून कागद कपाटात घालू नये. त्या रिपोर्टचा उपयोग पुढे त्यालाच करायचा आहे.

दोघं वाहक असूनही लग्न करायचंच असेल तर? कायदा अडवत नाही, मीही अडवणारा कोण. पण गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळाची जनुकीय तपासणी करता येते, हे त्यांना माहीत असावं. कायद्याने बंदी लिंग सांगण्यावर आहे, आजार तपासण्यावर नाही. ही तपासणी मोठ्या केंद्रातच होते, तेव्हा डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

ज्यांच्या घरात एसएस मूल आहे, त्यांच्यासाठी आता थोडं. वयात येताना या मुलांची उंची आणि वजन मागे राहू शकतं, मुलींची पाळी उशिरा सुरू होऊ शकते. "मैत्रिणींची आली, हिची नाही" म्हणून घरात कुजबुज करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा. मुलग्यांची एक गोष्ट कोणीच बोलत नाही: रक्त अडकल्यामुळे लिंगाला ताठरता येऊन ती दुखत राहू शकते. पोरगं लाजेने रात्रभर सोसतं. चार तासांच्या वर गेलं तर ती इमर्जन्सी आहे आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. बाबांनी किंवा काकांनी हे आधीच एकदा सांगून ठेवलेलं असावं.

कळ कशाने येते? पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अति श्रम. आपल्याकडे याचा अर्थ फार सरळ आहे. रोवणीच्या दिवसांत एसएस मुलाला पावसात चिखलात दिवसभर वाकून उभं करू नका. परीक्षेच्या धावपळीत पोरं पाणी पीत नाहीत, बाटली सोबत द्या आणि वर्गातून लघवीला जायची परवानगी शिक्षकांकडून आधीच घेऊन ठेवा. दुखलं तर बर्फ लावू नका, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कोमट शेक द्या. ताप आला तर घरी वाट बघत बसू नका. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, साधा वाटणारा संसर्गही झपाट्याने वाढतो. छातीत दुखून दम लागला, पोटात डाव्या बाजूला अचानक सूज आली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सरळ दवाखाना.

शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी. वाहकाने ती इतरांसारखीच घ्यायला हरकत नाही. एसएस मुलाने मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण वारंवार रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. "रक्त कमी आहे" म्हटलं की मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणायची आपली सवय इथे उलटी पडू शकते. फॉलिक ॲसिड वेगळं, ते डॉक्टर सहसा देतातच. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने बऱ्याच जणांच्या कळा कमी होतात. ती बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि त्याच्या सोबतीने 'एस' कमी चिकटतो. पण ठरलेल्या वेळी रक्त तपासत राहावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नसते. जनुक दुरुस्त करणारा उपचारही आलाय. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. रुपयांत करून बघा आणि परत पाण्याच्या बाटलीकडे या.

एसएस मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात. एसटीचा प्रवास मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. यासाठी कागद लागतात आणि ते बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होत नाहीत, म्हणून नववीतच मागे लागा.

तपासणीसाठी आधी गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पुढची चाचणी कुठे होते ते तेच सांगतील, आपल्याकडे त्यासाठी बऱ्याचदा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जावं लागतं. आई-बाबांसमोर विचारायला लाज वाटत असेल तर किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथे एकट्यानेही जाता येतं. रिपोर्ट मिळाला की फोटो काढा आणि आधार कार्डाचा फोटो ठेवता तिथेच ठेवा.

माझ्या बायोडेटात मी रक्तगटाच्या खाली एक ओळ टाकली आहे: सिकलसेल एएस. आईला आधी पसंत नव्हतं. गेल्या महिन्यात एका स्थळाकडून मुलीनेच तिच्या रिपोर्टचा फोटो पाठवला, एए. पुढे काय झालं ते विचारू नका, पत्रिका आमच्याकडे बघत नाहीत पण पगार बघतात. आईने मात्र तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मामीला फोन लावून मामेबहिणीच्या रिपोर्टचं विचारलं.